सावली घराची, बिल गावाचं?

एप्रिल उजाडला आणि दुपारनंतर बालाघाटावर ढग जमू लागले, की धाराशिव जिल्ह्यात अंगणातल्या झाडांचा विषय निघतोच. कुणाचा गुलमोहर पत्र्यावर झुकलेला असतो, कुणाच्या कडुनिंबाने शेजाऱ्याची भिंत फुगवलेली असते, कुणाच्या नारळाचं खोड बुडाशी पोखरलेलं असतं. झाड काढायला हवं, यावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो पैसे कुणी द्यायचे यावर. तिथे मालक, शेजारी आणि नगरपरिषद तिघंही हात वर करतात.

या वादात मालकाच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. झाड आमच्या अंगणात असलं तरी आमच्या मर्जीने तोडता येत नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आहे, पाहणी आहे आणि विनापरवाना कुऱ्हाड चालवली तर गुन्हा आहे. म्हणजे झाडावर हुकूम सरकारचा. सावलीही एकट्या घराला मिळत नाही, रस्त्यावर गाडी लावणाऱ्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना मिळते. वर घरपट्टीच्या बिलात वृक्षकराची ओळ असते. मग झाड धोकादायक झालं की खर्च तेवढा आमच्या खिशातून का? नगरपरिषदेने माणसं पाठवावीत, झाड उतरवावं, हवं तर लाकूडही घेऊन जावं. याला जोडून एक टोमणा असतो: सोलापूर-येडशी रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं भराभर आडवी झाली, आणि घरातल्या एका झाडाला मात्र सतरा कागद.

टोमणा खरा आहे. युक्तिवाद मात्र तपासून पाहिला की ठिकठिकाणी उसवतो.

सुरुवात मालकीपासून करावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिचं २५वं कलम सांगतं की, धारण केलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांचा हक्क त्या जमीनधारकाचा. हा हक्क कुणी कधी नाकारलेला नाही. दारातली चिंच उक्ती देऊन व्यापाऱ्याकडून पैसे मोजून घेताना, किंवा पोत्यांत भरून ती बार्शीच्या बाजारात नेताना, सावली सगळ्या गल्लीची होती म्हणून कुणी गल्लीला वाटा देत नाही. आंब्याला पाड लागला की कुंपणाला काटे लागतात. झाड फळतं तोवर ते घरचं आणि पोकळ झालं की सार्वजनिक, अशी वाटणी कुठल्याच कायद्यात नाही.

परवानगी लागते म्हणून मालकी संपते, हे तर मुळीच खरं नाही. घरावर मजला चढवायलाही नगरपरिषदेची परवानगी लागते. म्हणून गवंड्याची मजुरी नगरपरिषदेने द्यावी, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. परवानगी ही मालकाच्या हक्काला घातलेली वेसण आहे. ती घालणाऱ्याने बैल विकत घेतलेला नसतो.

पडायला आलेल्या झाडाचं काय करायचं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३व्या कलमात धोकादायक इमारतीच्या जोडीला झाडाचा स्पष्ट उल्लेख होता. एखादं झाड पडून शेजारी राहणाऱ्या, तिथे धंदा करणाऱ्या किंवा जवळून जाणाऱ्या माणसाला इजा होण्याचा संभव असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते काढून टाकण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश काढू शकत असे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद १५२व्या कलमात जशीच्या तशी आली आहे. आदेश निघतो तो त्या झाडाचा मालक किंवा ताबेदार असलेल्या माणसावर. त्याने मुदतीत ऐकलं नाही तर दंडाधिकारी ते काम करून घेऊ शकतात आणि झालेला खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतात. वेळ पडली तर त्याची जंगम मालमत्ता जप्त करून, विकूनही. धोका अगदी डोक्यावर असेल तर चौकशी पूर्ण होण्याआधीच तातडीचा उपाय करण्याची मुभाही याच प्रकरणात आहे. खर्च कुणाचा हा प्रश्न कायद्याने उघडा ठेवलेलाच नाही. ज्याच्या ताब्यात झाड, त्याच्या नावावर बिल.

हीच कसोटी सरकारी झाडालाही लागते, आणि लागायलाच हवी. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून चाललेल्या एका माणसावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी कोसळली आणि तो गेला. त्याच्या कुटुंबाने महापालिकेवर दावा लावला. दिल्ली महापालिका विरुद्ध सुशीला देवी या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९मध्ये निकाल लागला: रस्त्याकडेची झाडं महापालिकेची, त्यांची वेळोवेळी तपासणी करणं तिचं काम, ते केलं नाही म्हणून भरपाई तिने द्यायची. निकाल यायला ३५ वर्षं लागली, हा आपल्या न्यायव्यवस्थेचा वेगळा अध्याय. पण तत्त्व दोन्ही बाजूंनी कापतं. तुळजापूरच्या रस्त्यावरचं झाड पडलं तर रस्ता ज्या खात्याचा त्याने जबाब द्यावा, कंपाउंडच्या आतलं पडलं तर कंपाउंडवाल्याने. झाड ताब्यात असणाऱ्याला धोका दिसत होता का, किंवा नीट पाहिलं असतं तर दिसला असता का, एवढाच प्रश्न न्यायालय विचारतं.

आता वृक्षकर. हा युक्तिवादातला सगळ्यात लोकप्रिय धागा. १९७५च्या कायद्याने वृक्षनिधी उभारायला आणि त्यासाठी उपकर लावायला वाट दिली, ती झाडं लावायला, जगवायला, रोपवाटिका चालवायला आणि दर ५ वर्षांनी गणना करायला. तो कुणाच्या अंगणातलं लाकूड उतरवण्यासाठी भरलेला विम्याचा हप्ता नाही. क्षणभर तसा मानला तरी पैसे कुणाच्या खिशातून जातात ते बघावं. शहरात अंगण असणं ही चैन आहे. दोन खोल्यांच्या घरात राहणारा, ज्याच्या दारात तुळशीच्या कुंडीपलीकडे जागा नाही, तोही घरपट्टी भरतो. अंगणवाल्याच्या तीस वर्षांच्या गुलमोहराला क्रेन लावायची तर तिचा वाटा या दोन खोल्यांच्या घराने का उचलावा? शिवाय ते झाड पडलं तर बहुतेक वेळा पडणार याच घराच्या पत्र्यावर.

मुंबईत हा प्रश्न कधीचाच निकालात निघाला आहे. तिथल्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आवारात आहेत, रस्त्याकडेची दोन लाखांच्याही आत. दर पावसाळ्याआधी महापालिका सोसायट्यांना नोटिसा धाडते: झाडं तपासा, परवानगी घ्या, खर्च करून छाटा. सोसायट्या कुरकुरतात, पण सभेत ठराव करून पैसे काढतात. धाराशिव ही काही मुंबई नव्हे, हे कबूल. म्हणून इथल्या नगरपरिषदेचा खिसा मुंबईपेक्षा मोठा आहे, असं मात्र होत नाही.

खर्चाची एवढी ओरड होते ती का, हे समजून घ्यायचं तर लाकूडतोड्याचा हिशेब बघायला हवा. अर्ज लिहिणारे, बातम्या छापणारे आणि भाषणं करणारे यांच्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिलेला असतो.

निरोगी कडुनिंब किंवा बाभूळ काढायची असेल तर तोडणारा दारात येतो, बुंध्याला हाताची कव घालून जाडी बघतो, मान वर करून सरळ खोड किती फुटांवर फुटलंय ते पाहतो आणि बहुतेकदा वर पैसे देतो. जाड लाकूड आरा गिरणीवर जातं, बाकीचं वीटभट्टीला, गुऱ्हाळाला, हॉटेलच्या भट्टीला. म्हणजे चांगलं झाड आपल्या तोडणीचा खर्च स्वतःच भागवतं. धोकादायक झाडाचा हिशेब नेमका उलटा. पहिली गोष्ट, ते आतून गेलेलं असतं. कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंध्यावर ठोकलं की भरीव आवाजाऐवजी डबा वाजवल्यासारखा आवाज येतो, बुडाशी भुसा सांडलेला असतो, मुळाजवळ बुरशीच्या छत्र्या उगवलेल्या असतात. अशा लाकडाला गिरणी उभं करत नाही. दुसरी गोष्ट, ते एका घावात आडवं पाडता येत नाही. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं शेड, डोक्यावर विजेच्या तारा. मग महावितरणकडे लाइन बंद करण्याची विनंती करावी लागते. एक माणूस दोर बांधून वर चढतो, शेंड्यापासून एकेक फांदी कापतो, खालचे दोघे दोर ढिला सोडत ती अलगद खाली घेतात. बुंधा कुजलेला असेल तर चढणाऱ्याने भरवसा ठेवायचा तरी कशावर? तेव्हा हायड्रा क्रेन मागवावी लागते, आणि हायड्रावाला तासावर पैसे घेतो. शेवटी पाला आणि ओंडके उचलायला ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि खुंट काढायचा असेल तर आणखी अर्धा दिवस. गुलमोहराचं हलकं, ठिसूळ लाकूड न्यायला कुणी राजी नसतं. नारळाच्या खोडाला तर गिऱ्हाईकच नाही, ते महिनोन्‌महिने गटाराकडेला पडून राहतं.

या हिशेबातून निघणारी गोष्ट मालकांना रुचणारी नाही. खर्च वाढतो तो बहुतेक वेळा चालढकलीमुळे. झाड कलायला लागलं त्या वर्षी छाटणी केली असती तर दोन माणसांचा एका दिवसाचा रोज लागला असता. दहा वर्षं थांबलं, की तिथेच क्रेन येते. थांबल्याचा फायदा मालकाने घेतला, सावली घेतली, खर्च टाळला, आणि थांबल्याची किंमत मात्र नगरपरिषदेने द्यावी, ही मागणी कुठल्या न्यायात बसते?

स्वस्तातल्या वाटेचाही इथेच विचार करायला हवा. हायड्रा परवडत नाही म्हणून तोडणाऱ्यालाच दोर देऊन वर चढवणारे मालक कमी नाहीत. ना डोक्यावर टोपी, ना कमरेला पट्टा. तो पडला तर ‘त्याचं तो बघेल’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. ज्याने कामाला लावलं त्याच्या दारात पोलीस येतातच. धोकादायक झाड काढण्याच्या खर्चात त्या चढणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी धरलेली नसेल, तर तो खर्च कमी झालेला नसतो, दुसऱ्याच्या घरावर ढकललेला असतो.

युक्तिवाद इथे अडला की दुसरी पळवाट काढली जाते: वादळ ही देवाची करणी, त्याला माणूस काय करणार? ९ एप्रिल २०२३ची अकोला जिल्ह्यातली पारसची घटना अजून विस्मरणात गेलेली नाही. संध्याकाळी वादळी पाऊस आला, बाबूजी महाराज संस्थानात जमलेले भाविक पत्र्याच्या शेडखाली गेले आणि शेजारचा जुना प्रचंड कडुनिंब शेडवर कोसळला. ७ जण गेले, कित्येक जखमी झाले. वारा देवाचा म्हणू. पण मोठ्या झाडाच्या पडझडीच्या टप्प्यात शेड असणं आणि वादळात गर्दीने त्याच शेडखाली जाणं, या गोष्टी माणसाच्या हातातल्या असतात. त्याच हंगामात, चैत्री पौर्णिमेला, धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. चुन्याच्या रानात चुनखडी वेचून झाली की पालखी आमराईत येते आणि तिथे माणसांचा समुद्र जमतो. आमराईची सावली हा त्या यात्रेचा प्राण आहे. म्हणूनच तिथल्या झाडांवर यात्रेआधी कुणीतरी जाणत्याने नजर फिरवणं हे मांडव घालण्याइतकंच गरजेचं काम आहे.

शहरातली झाडं वाऱ्याने पडतात, पण वाऱ्याच्या कितीतरी आधी त्यांना पडण्याजोगं करून ठेवलेलं असतं. धाराशिव शहर बालाघाटाच्या माथ्यावर वसलं आहे. बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, मुळांना खोल जायला वावच नाही. ती आडवी पसरतात. त्या आडव्या मुळांवरून नळाचा चर खणला जातो, गटार काढलं जातं, कंपाउंडचा पाया भरला जातो. मग अंगणात चिखल नको म्हणून बुंध्याला गच्च भिडवून फरशी किंवा काँक्रीट घालतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे मात्र अजून बुंध्याला फरशी भिडली की अंगण ‘स्वच्छ’ झालं असं समजतात. त्यात तारांखालच्या फांद्या एकाच अंगाने सपासप उतरवल्या जातात आणि सगळा भार दुसऱ्या अंगावर, म्हणजे बहुधा घराच्या छपरावर, जातो. इतकं सगळं झाल्यावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वाऱ्याला दोष देणं सोपं आहे. तारांखालची छाटणी महावितरणने केली असेल आणि त्याने झाड एककल्ली झालं असेल, तर तिचाही जाब विचारायला हवा. चर नगरपरिषदेच्या ठेकेदाराने मुळं तोडून खणला असेल, तर त्याच्याकडून खर्चाचा वाटा मागण्यात काहीच गैर नाही. पण तो मागायचा तर चर खणला जात असताना फोटो काढून ठेवावा लागतो. झाड पडल्यावर पंचनाम्याच्या वेळी आठवण होऊन उपयोग नसतो.

आता त्या युक्तिवादातला जो भाग खरा आहे, त्याकडे वळावं. तो खर्चाचा नाही, विलंबाचा आहे.

नागरी झाडांच्या कायद्यात अर्जावर निर्णय द्यायला ६० दिवसांची मुदत आहे. साठ दिवस म्हणजे एप्रिलमध्ये केलेल्या अर्जाला जूनमध्ये उत्तर. मधल्या काळात मराठवाड्यातली सगळी वळवाची वादळं येऊन जातात. धोकादायक झाडाच्या बाबतीत परवानगी अडवून धरायला कायद्यात फारशी जागा नाही. अडते ती पाहणी. अधिकारी येत नाही, आला तर टिपण देत नाही, दिलं तर प्राधिकरणाची बैठक ठरत नाही. २०१७च्या जुलैमध्ये चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेवर नारळाचं झाड कोसळलं आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ते झाड धोक्याचं आहे म्हणून आधी अर्ज झाला होता आणि महापालिकेला ते काढण्याजोगं वाटलं नव्हतं, ही गोष्ट नंतर पुढे आली. अशा वेळी मालकाकडे बोट दाखवायला कुठल्या तोंडाने जायचं? त्याने विचारलं होतं. नको म्हणणाऱ्याने त्या नकाराबरोबर जबाबदारीही उचलली.

झाड मालकाचं, तोवर जबाबदारी मालकाची. पण ज्या दिवशी त्याने फोटोसह लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि कार्यालय गप्प बसलं, त्या दिवसापासून जबाबदारीचं पारडं कार्यालयाच्या बाजूला झुकू लागतं. खर्च मागायला निघालेल्या मालकांनी खरा आग्रह धरायचा तो इथे. नगरपरिषदेकडे क्रेन मागू नये, आठ दिवसांत पाहणी मागावी, फुकट मागावी आणि लेखी टिपण मागावं. दिल्लीच्या १९९४च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, झाड ताबडतोब न तोडल्यास जीविताला किंवा मालमत्तेला गंभीर धोका असेल, तर मालकाने ते आधी तोडावं आणि २४ तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवावं. इतक्या सरळ शब्दांतला नियम इथल्या प्रत्येक नगरपरिषदेच्या दारातल्या फलकावर असता, तर निम्मे हेलपाटे वाचले असते.

दुसऱ्या टोकाला सरसकट तोडा म्हणणारे आहेत. त्यांना थोडक्यात उत्तर देता येतं. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्कादेखील नाही. येडशी-रामलिंगचं अभयारण्य सोडलं तर डोळ्यांत भरेल असं जंगल कुठे उरलंय? जी काही झाडी दिसते ती बांधावर, देवळाभोवती आणि अंगणात. ब्रिटनमध्ये वर्षाला पाच-सहा माणसं झाड पडून दगावतात आणि तिथल्या सुरक्षा यंत्रणेने हा धोका कोटीत एक असा मांडला आहे. तिथली झाडं नियमित तपासली जातात, आपली नाहीत, हा फरक धरूनही भीतीपोटी शंभर झाडं उतरवण्याचं समर्थन या आकड्यांतून होत नाही. तपासलेलं झाड ठेवावं, गेलेलं काढावं.

‘एकही पान तोडू देणार नाही’ म्हणणारे मात्र आज्ञापत्राचा दाखला देतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या त्या ग्रंथात आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं बळजबरीने तोडू नयेत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं बजावलं आहे, हे खरं. दाखला देणारे पुढचं वाक्य गाळतात. झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन तोडायची परवानगी तिथेच दिलेली आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या राज्यकारभारालाही जीर्ण झाड आणि धडधाकट झाड यांतला फरक कळत होता, आणि झाडाला धनी असतो हेही.

खेड्यात कागद वेगळे, प्रश्न तोच. तिथे १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, साग, चंदन, मोह, फणस अशी झाडं आहेत. कडुनिंब आणि बाभूळ नाहीत. म्हणजे लोहारा तालुक्यातल्या अंगणात वाळलेली बाभूळ काढायला या कायद्याची अडचण नाही, पण शेजारच्या चिंचेला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. हा भेद अनेकांना माहीत नसतो आणि दोन्हीकडून घोटाळा होतो: चिंच बिनधास्त तोडली जाते आणि बाभळीसाठी कुणीतरी चार फेऱ्या मारतं. सास्तूरसारख्या गावांत हा प्रश्न येत्या काही वर्षांत जास्त भेडसावणार. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर तिथे नव्या जागी ऐसपैस प्लॉट पडले, रुंद रस्ते झाले, अंगणं आली. त्या अंगणांत लावलेली रोपं आता तीस वर्षांची झाली आहेत. कोंदट माळवदांच्या गावांना ही संपत्ती कधी नव्हती. ती सांभाळायची सवयही अजून पुरती लागलेली नाही.

भाडेकरूचा प्रश्नही राहतोच. मालक पुण्याला, घर धाराशिवला, झाड भाडेकरूच्या दारात. फौजदारी तरतुदीत मालकाच्या जोडीला ताबेदार आहे, त्यामुळे भाडेकरूला ‘घर माझं नाही’ एवढं म्हणून सुटता येत नाही. त्याने मालकाला लेखी कळवावं, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि उत्तर आलं नाही तर नगरपरिषदेला. विमा आहे का, तेही बघावं. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांनी देऊ केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत झाड कोसळून घराचं झालेलं नुकसान धरलेलं आहे. उभं झाड उतरवायचा खर्च मात्र त्यात मिळत नाही आणि शेजाऱ्याच्या जखमेचाही नाही. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाला तर सरकारी मदत ४ लाखांची. तीही आपत्ती म्हणून नोंद झाली तरच. वारा नसताना कुजून पडलेल्या झाडाला या मदतीचं दार बंद.

खरोखर ऐपत नाही अशा घरांचं काय, हा शेवटी उरणारा प्रश्न. एकटी राहणारी म्हातारी आहे, दारात नवऱ्याने लावलेला कडुनिंब आहे, पेन्शनीत हायड्रा बसत नाही. तिला नोटीस बजावणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं. तिथे नगरपरिषदेने स्वतः झाड उतरवावं. लाकडाला काही किंमत आली तर ती वजा करावी आणि उरलेली रक्कम घरपट्टीत पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी लावावी. तेवढंही जमत नसेल तर सभागृहात ठराव करून, नाव आणि रक्कम लिहून माफ करावी. आधी काम, मागून वसुली, ही रीत कायद्याला परकी नाही, दंडाधिकाऱ्याच्या आदेशात ती आजही आहे. फक्त त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी ओळ हवी, आणि ती मार्चच्या आत मंजूर व्हायला हवी, कारण एप्रिलमध्ये ढग येतात.